पोपडा, लोणा आणि चौकट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चवथीचे रंगकाम जुने झाले आहे आणि नाताळाचे अजून सुरू व्हायचे आहे. पावसाने भिंतींवर जे काही लिहून ठेवले ते अजून कोणी पुसलेले नाही, आणि कदाचित त्यामुळेच या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जुन्या भिंतींच्या छायाचित्रणाविषयीची आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, कारण पुढच्या उत्तरांना त्याचा आधार आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपासून बाजाराजवळच्या गल्ल्यांतील पडक्या घरांच्या भिंतींची छायाचित्रे काढतो. ती पाहून घरचे विचारतात, "घर विकायला काढले आहे काय?" माझ्या छायाचित्रांत नुकसान दिसते, चित्र दिसत नाही, असे आता मलाही वाटू लागले आहे. अमूर्त म्हणावे असे काही त्यांतून कसे येते? सोबत आठ प्रती पाठवत आहे. (एक वाचक, म्हापसा)

घरच्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी नेमका आहे. आपल्या आठांपैकी सात प्रतींत दाराची चौकट, कौलांची कड, विजेचा मीटर किंवा निदान खिडकीचा एखादा गज आला आहे. या वस्तू ओळखीच्या असल्याने डोळा आधी त्यांच्याकडे जातो, "पडके घर" असे नाव देतो आणि नाव दिल्यावर त्याचे पाहणे संपते. घर विकण्याच्या जाहिरातीला एवढेच लागते.

आठवी प्रत मात्र निराळी आहे. तिच्यात खालचा तिसरा भाग जांभ्या चिऱ्याचा उघडा लाल आहे, वर नीळ घातलेल्या चुन्याचा फिका पट्टा आहे आणि उजवीकडून सिमेंटचे एक करडे ठिगळ त्या दोहोंवर चढले आहे. हे तीन आकार एकमेकांना रेटत आहेत आणि रेटारेटीची रेषा मधोमध न येता खाली सरकल्यामुळे वरचा निळा भाग जड वाटतो. भिंत किती उंच, किती रुंद, ती घराची की कुंपणाची, हे काही कळत नाही आणि कळावे असेही वाटत नाही. दोष एकच आहे : वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खिळा आणि त्याची सावली आहे. खिळा दिसताच मोजमाप कळते आणि निळा प्रदेश पुन्हा दोन हातांची भिंत होतो. तो कोपरा कापून टाकावा.

या वाटेवरचा एक मोठा माणूस आपल्याच व्यवसायातला होता, हे आपल्याला आवडेल. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली जन्मलेले ॲरन सिस्किंड अनेक वर्षे तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवत होते. १९३०च्या दशकात ते हार्लेमसारख्या वस्त्यांतील जगण्याची नोंद करणारी छायाचित्रे काढत. १९४०च्या दशकात त्यांनी माणसे आणि प्रसंग सोडून उडालेला रंग, फाटलेली जाहिरात, डांबराचे फराटे यांच्या जवळ जायला सुरुवात केली. खोली काढून टाकायची, सगळे एकाच पातळीवर आणायचे आणि चौकटीच्या चारही कडांना काम द्यायचे, ही त्यांची रीत होती. त्यांचे मित्र चित्रकारांत होते आणि त्यांची छायाचित्रेही चित्रकारांच्या बरोबरीने दालनात लागली. पॅरिसमध्ये ब्रासाय यांनी त्याआधीच, १९३०च्या दशकात, भिंतींवरच्या कोरीव खुणा टिपायला घेतल्या होत्या. ते वहीत भिंतीचा पत्ता लिहून ठेवत आणि काही वर्षांनी परत जाऊन ती खूण किती झिजली, किती पसरली, हे पाहत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्या छायाचित्रांचे प्रदर्शन १९५६ साली भरवले. आपल्याकडे ज्यांच्या घराण्याची मुळे गोव्यात होती ते वासुदेव गायतोंडे रंगाचे थर चढवत आणि खरवडत आपली चित्रे करीत, परंतु त्यांना "अमूर्त" हा शब्दच पसंत नव्हता. ते आपल्या कामाला वस्तुनिरपेक्ष म्हणत. हा फरक मनात असू द्यावा. भिंत ही वस्तू आहेच, ती छायाचित्रातून नाहीशी करता येत नाही. केवळ तिचे नाव थोडा वेळ बाजूला ठेवता येते.

आता माझे खरे म्हणणे. भिंतीवरचा कोणताही डाग उगाच पडलेला नसतो, आणि तो कशाने पडला हे कळले म्हणजे चौकट कुठे थांबवायची हेही बहुधा कळते. पणजीत मळ्याच्या बाजूला एका बंद घराची पन्हळ फुटलेली आहे. तेथून पाणी एकाच जागी पडते. वरच्या भागात ते अंगठ्याएवढ्या रुंदीची काळी धार होऊन सरळ उतरते, गिलाव्याला जिथे बारीक फुगवटा आहे तिथे दुभंगते, आणि दोन धारांच्या मध्ये पिवळ्या चुन्याचा एक लांबट कोरडा तुकडा शिल्लक राहतो. मी तीन वेळा तेथे गेलो. दोनदा सबंध ओघळ पन्हळीसकट घेतला आणि दोन्ही वेळा हाती लागले ते गळक्या पन्हळीचे छायाचित्र. तिसऱ्या वेळी लक्षात आले की गोष्ट पाण्याची आहे खरी, पण प्रसंग तो दुभंगण्याचा आहे. मग वरची कड फुगवट्याच्या चार बोटे वर आणि खालची कड धारा पुन्हा जवळ येण्याच्या आधी ठेवली. पाणी कुठून आले ते चित्रात नाही, तरी ते वरून खाली आले हे डोळ्याला जाणवते, आणि एवढ्यानेच त्या आकाराला वजन येते. हेच छायाचित्र उलटे धरून पाहिले तर ते लटके पडते. ही परीक्षा आपणही करून पाहावी : उलटे धरल्यावर काहीच बदलले नाही, तर हाती केवळ पोत आला आहे, रचना आलेली नाही. पोताची छायाचित्रे ढिगाने निघतात आणि ढिगातच राहतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर हवी, नाहीतर एक बाजू पुढे आलेली दिसते आणि सपाटपणा मोडतो. फार रुंद दिसणारे भिंग नको. ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याचे घ्यावे. भिंगाचे छिद्र एफ/८च्या आसपास ठेवले की कडेपर्यंत रेखीवपणा मिळतो.

तिरक्या उन्हात पोत उठून दिसतो असे सगळीकडे वाचले, पण माझी बरी छायाचित्रे ढगाळ दिवशीच आली आहेत. भिंतीसाठी प्रकाश कोणता आणि गोव्यात महिना कोणता चांगला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, फोंडा)

आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. तिरके ऊन उंचसखलपणा दाखवते : पोपड्याची वळलेली कड, चिऱ्यातील छिद्रे, कर्णीच्या खुणा. डाग आणि रंग हा विषय असेल तर तेच ऊन आड येते, कारण प्रत्येक खडबडीत कणाची सावली रंगात मिसळते. ढगाळ उजेड किंवा समोरच्या घराची सावली अशा वेळी उपयोगी पडते. निळ्या आभाळाखालच्या सावलीत मात्र पिवळा चुना मळकट हिरवट दिसू लागतो, म्हणून श्वेत संतुलन, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवण्याचे काम, कॅमेऱ्यावर सोपवू नये, सावलीसाठीचे निवडावे. दुसरी गफलत उजेडाच्या मोजणीची होते. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्याच्या हिशेबाने मोजतो; त्यामुळे पांढरी भिंत करडी पडते आणि शेवाळाने काळी झालेली भिंत फिकट येते. पहिलीला साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवावा आणि दुसरीला तेवढाच कमी करावा.

महिन्याचे म्हणाल तर गोव्यात सालभर एकच भिंत राहत नाही. पावसाचे सुमारे ३००० मिलिमीटर पाणी चारच महिन्यांत येथे पडते. जून ते सप्टेंबर शेवाळाचे राज्य असते, आणि त्यात सगळेच हिरवे नसते. भिंतीवर गंज सांडल्यासारखा जो नारिंगी थर दिसतो, तो अनेकदा ट्रेंटेपोहलिया नावाच्या शैवालाचा असतो. वर्गीकरणात ते हिरव्या शैवालांतच मोडते, मात्र अंगातील कॅरोटिनमुळे नारिंगी दिसते. पाऊस गेला की हिरवे वाळून काळे पडते. तेव्हापासून भिंत सुकू लागते आणि लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या क्षारांची, पाळी येते. जमिनीतील ओल चिऱ्यातून वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी हवेत उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या आत फुगून त्याला बाहेर ढकलतात. म्हणून लोण्याची रेघ बहुधा कमरेच्या आसपास, समुद्राच्या भरतीची खूण असावी तशी, आडवी फिरलेली दिसते. डिसेंबरपासून मेपर्यंत तिच्याकडे पाहावे.

रंगही ओळखायला शिकावे. चुन्याचा रंग भुकटी होऊन झडतो, हाताला लागतो आणि कडा विरघळल्यासारख्या मऊ ठेवतो. तेलरंग किंवा प्लास्टिकचा रंग आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तो फुगतो, फुटतो आणि त्याचे धारदार कडांचे पोपडे लोंबतात. चवथीआधी हिंदू घरांना आणि नाताळाआधी ख्रिस्ती घरांना रंग काढण्याच्या रीतीमुळे जुन्या भिंतीवर वर्षावर वर्ष चढत जाते. एका पोपड्याच्या तुटक्या कडेवर मला एकदा आकाशी, गुलाबी, पुन्हा आकाशी, मग गेरू आणि तळाशी पांढरा, असे पाच थर मोजता आले होते. अशा वेळी पोपड्याची कड हाच विषय घ्यावा आणि तेवढ्यापुरते तिरक्या उन्हाकडे परत जावे.

ओल्या भिंतीचे रंग गडद आणि सुंदर दिसतात, पण पाण्याची चकाकी त्रास देते. ध्रुवण गाळणी लावा असा सल्ला आपल्याला मिळेल. भिंतीच्या अगदी समोर उभे राहिल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही, ती तिरक्या कोनातली चकाकी कमी करते. त्यापेक्षा पाऊस थांबल्यावर अर्धा तास चहा घ्यावा. वरचे पाणी निथळते आणि रंग ओलाच राहतो.

माझ्याकडे केवळ मोबाइल आहे. चालेल का? (गृहिणी, डिचोली)

चालेल. मोबाइलमध्ये दोन किंवा तीन पटींचे वेगळे भिंग असेल तर ते वापरावे, पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू कराव्यात आणि बोट दाबून धरून फोकस व उजेड पक्का करावा. मोबाइल आपणहून सावल्या उजळतो आणि कडा धारदार करतो, त्यामुळे चुन्याची मऊ कड तेलरंगासारखी दिसू लागते. रॉ, म्हणजे मोबाइलने फेरफार न केलेल्या, स्वरूपात साठवण्याची सोय असल्यास ती घ्यावी.

पणजीच्या फोंताइन्यश वाड्यात छायाचित्र काढताना एका घरमालकाने मला हटकले. मी तर माणसांचे छायाचित्र काढतच नव्हतो, नुसती भिंत! रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवर कोणाचा आक्षेप का असावा? (एक वाचक, मडगाव)

आपला प्रश्न कायद्याचा असेल तर त्याचे उत्तर सोपे आहे : १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढण्याने आणि प्रसिद्ध करण्याने वास्तुरचनेच्या हक्काचा भंग होत नाही. परंतु आपल्याला हटकणारा माणूस कॉपीराइटबद्दल बोलत नव्हता. त्या वाड्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारात, पायरीवर, खिडकीला टेकून छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ लागते. छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या तेथील घरांवर लागल्या आहेत, त्या कंटाळ्यातून. अशी पाटी दिसल्यास पुढे जावे. तसेही रंगवून नीटनेटक्या ठेवलेल्या त्या भिंतींवर आपल्या विषयाला मिळण्यासारखे फार नाही.

पडक्या घराची गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती मला उशिरा समजली. काही वर्षांपूर्वी सासष्टीतील एका गावात मी बंद घराच्या बाल्कांवाजवळ, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याजवळ, तिपाई लावून उभा होतो. भिंतीवर अप्रतिम काम झाले होते. माडाच्या विणलेल्या चुडतांची झापे पावसाळ्यासाठी जिथे टेकवून ठेवली होती, तिथे त्यांची तिरकी जाळी गिलाव्यावर उमटली होती. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "घर मोडलां म्हूण फोटो काडटा रे पुता?" मी भिंतीच्या सौंदर्याविषयी काहीबाही सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि मग सांगितले की ते घर तिच्या माहेरचे आहे, सह्या पाहिजेत तेरा, त्यांतली एक सही लिस्बनला आहे आणि दोन कॅनडात, आणि कौले परतायची तरी कोणाच्या पैशाने. गोव्यात आजही लागू असलेल्या, १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या वारसा कायद्याने सर्व अपत्यांना समान वाटा मिळतो. ही गोष्ट न्यायाची आहे, मात्र पिढ्यांमागून पिढ्या वाटेकरी वाढत गेले की घराला कुलूप लागते. मी ज्याला तिरकी जाळी म्हणत होतो ती त्या बाईने स्वतः, घर आपल्या एकटीचे नसतानाही, दर मे महिन्यात झापे बांधून उमटवली होती.

मी तिपाई मिटली नाही, पण परवानगी विचारली, आणि पुढे त्या छायाचित्राची प्रत तिला नेऊन दिली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, यात घर कुठे आहे? हे मी प्रशस्ती म्हणून घ्यावे की तक्रार म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तेव्हापासून एवढे मात्र पाळतो : कुंपणाच्या आत पाय ठेवायचा तर विचारून, शेजाऱ्याला नमस्कार आधी आणि कॅमेरा नंतर, आणि चांगला दिसावा म्हणून पोपडा हाताने काढायचा नाही. शेवटची गोष्ट सांगण्याचे कारण असे की ती करणारे मी पाहिले आहेत.

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनच्या बुरुजाविषयीही आपण विचारले आहे. धार्मिक संघांच्या हकालपट्टीनंतर १८३५ साली तो मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भाग व बुरुजाचा निम्मा भाग पडला. उरलेला ४६ मीटर उंचीचा बुरूज आज सगळ्यांच्या छायाचित्रांत आहे. आपल्या कामासाठी तो फारच भव्य आहे. कोणत्याही बाजूने पाहिले तरी तो आपले नाव सांगतो. जायचेच असेल तर त्याच्याकडे पाठ करून पायाजवळच्या चिऱ्यांत बसावे. तिपाईला तेथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

फाटलेल्या जाहिराती आणि भिंतीवर काढलेली मोठी चित्रे यांची जवळून काढलेली छायाचित्रे प्रदर्शनात मांडायची आहेत. काही अडचण येईल का? (जाहिरात क्षेत्रातील वाचक, पणजी)

पणजीत गेल्या काही वर्षांत भिंतींवर चित्रे पुष्कळ झाली आहेत, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. वर सांगितलेल्या कलम ५२ मध्ये वास्तूंना सवलत आहे. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांना आणि कारागिरीच्या कलाकृतींनाही आहे. रंगवलेले चित्र मात्र त्या यादीत नाही. चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा आपल्या चौकटीत दुसऱ्याचे चित्र ओळखू येत असेल आणि ते आपण विकणार असाल, तर चित्रकाराला विचारावे. पणजी लहान गाव आहे, चित्रकार सापडतो.

मला त्याहून मोठी अडचण कलेची वाटते. दुसऱ्याच्या चांगल्या चित्राचा तुकडा चांगलाच दिसतो. त्यात आपण काय केले? हवामानाने त्या चित्रावर काही केले असेल, डोळ्याच्या जागी पोपडा निघाला असेल, हिरव्या रंगावरून खरे हिरवे शेवाळ चढले असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. फाटलेल्या जाहिरातींना ही अडचण कमी येते, कारण फाडणारे हात अनेक असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये काही कलावंतांनी अशा जाहिरातींचे थरच्या थर भिंतीवरून सोलून आणून थेट दालनात टांगले होते. छायाचित्रात अक्षरे हा धोका असतो. वाचता येणारा एकही शब्द राहिला की पाहणारा वाचू लागतो. अक्षराचा कणा किंवा वेलांटीची कमान राहू द्यावी, शब्द राहू देऊ नये. छपाई चकचकीत कागदावर न करता सुती, बिनचमकीच्या कागदावर केल्यास चुन्याचा कोरडेपणा टिकतो. प्रतींच्या खाली "उदासी" किंवा "काळाचे पाऊल" अशी नावे देऊ नयेत, ही माझी वैयक्तिक विनंती आहे. भिंतीचे ठिकाण आणि महिना लिहावा.

ता. क. पावसात कॅमेरा घेऊन फिरल्यानंतर भिंगात कोळिष्टकांसारखे धागे दिसतात, असे तिघांनी कळवले आहे. ती बुरशी आहे. भिंग पिशवीत बंद करून ठेवू नये; हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून घ्यावे. महिन्यातून एकदा अंधारात भिंगामागून विजेरी धरून पाहावे. धागे आत असतील तर स्वतः उघडायला जाऊ नये, आणि ते भिंग दुरुस्त होईपर्यंत इतर भिंगांपासून वेगळ्या डब्यात ठेवावे.